घरच्या संगणकासाठी मोफत अँटिव्हायरस: निवड, चाचण्या आणि मांडणीच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

घरातील सर्वांच्या वापरात असलेला हा एकच संगणक आहे. चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आणि विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती. संगणकाबरोबर आलेल्या एका अँटिव्हायरसची चाचणी-मुदत केव्हाच उलटून गेली आहे, तरीही विंडोज सिक्युरिटीच्या पडद्यावर रक्षक म्हणून अजून त्याचेच नाव आहे. तो नवी व्याख्या-फाइल (नवे व्हायरस ओळखण्याच्या खुणांची यादी) घेत नाही, मात्र नूतनीकरणाची खिडकी रोज न चुकता उघडतो. त्याच्या जागी मोफत, कमी बोलणारा आणि या तुटपुंज्या रॅममध्ये मावणारा अँटिव्हायरस बसवणे एवढेच हे काम आहे.

अँटिव्हायरसला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट मार्गी लावावी लागली. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. प्रणालीतील उघडे भोक अँटिव्हायरस बुजवत नाही. त्या भोकातून आत आलेली फाइल ओळखीची असेल तरच तो तिला अडवतो. म्हणून सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन विस्तारित सुरक्षा अपडेटच्या योजनेत संगणकाची नोंदणी केली. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करणे आवश्यक असते आणि या योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. हे न करता केवळ चांगला अँटिव्हायरस शोधत बसणे व्यर्थ ठरले असते.

९ नोव्हेंबर

मुदत संपलेला अँटिव्हायरस काढण्यातच पूर्ण संध्याकाळ गेली. 'ॲप्स अँड फीचर्स'मधून तो अनइन्स्टॉल केला, संगणक पुन्हा सुरू केला, यादीतून नाव गेले. परंतु फोल्डर उघडताना होणारा विलंब तसाच राहिला. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून 'एफएलटीएमसी' ही आज्ञा दिली असता फाइल प्रणालीवर बसलेल्या फिल्टर ड्रायव्हरांची यादी मिळाली आणि तिच्यात काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर अजून होता. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडण्याच्या वाटेवर असा ड्रायव्हर बसवतो. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नयेत असे सांगतात त्याचे कारणही हेच आहे: दोघेही तीच फाइल त्याच क्षणी तपासायला धावतात आणि प्रसंगी एकमेकांच्या क्वारंटाइनमधील (संशयित फाइली कोंडून ठेवण्याच्या जागेतील) फाइलींवरच आरडाओरडा करतात.

बहुतेक कंपन्या आपले उत्पादन मुळापासून काढण्यासाठी वेगळे साधन देतात. ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेतले आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक भागांवरच चालणाऱ्या विंडोजमध्ये, चालवले, तेव्हा कुठे ड्रायव्हर गेला. हे साधन शोधताना त्याच नावाची भलतीच डाउनलोड पाने शोध-निकालांत वर येतात, तेथे सावध राहावे.

तुलनेसाठी कोऱ्या संगणकाची मोजमापे घ्यायचा विचार होता, पण विंडोज १० वर तसा कोरा संगणक मिळतच नाही. बाहेरचा अँटिव्हायरस निघताच विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो. त्यामुळे डिफेंडर चालू असतानाची मोजमापे हीच आधाररेषा धरली: 'रीस्टार्ट' दिल्यानंतर पूर्ण सुरू होण्यास ९६ सेकंद, काहीही न उघडता वापरात असलेली रॅम १.९ जीबी, आणि हजारो लहान फाइलींचे एक झिप फोल्डर उलगडण्यास सुमारे नऊ मिनिटे. सुरू होण्याचा वेळ घड्याळावर मोजण्याची गरज नसते. इव्हेंट व्ह्यूअरमधील 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' या नोंदवहीत १०० क्रमांकाच्या घटनेत तो मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. मात्र दर वेळी 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' द्यावे, कारण फास्ट स्टार्टअपमुळे 'शट डाउन'नंतरची सुरुवात अर्धवट झोपेतून उठल्यासारखी असते आणि आकडे फसवे येतात.

१२ नोव्हेंबर

उमेदवारांची यादी करताना सुरुवातीचे निकष बदलावे लागले. पकडण्याची क्षमता हाच मुख्य निकष असेल असे वाटत होते. जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी सहा असे एकूण १८ गुण देते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज वेगळ्या पद्धतीने चाचण्या घेते. दोघींचे निकाल शेजारी ठेवले तर वरच्या फळीतील मोफत उत्पादनांमध्ये पकडण्याच्या बाबतीत उरणारा फरक इतका बारीक असतो की त्यावर घरगुती निवड टेकवता येत नाही. खरा फरक दोन ठिकाणी दिसतो. उत्पादन संगणकाला किती जड करते हे पहिले, आणि मोफत असण्याच्या बदल्यात ते काय मागते हे दुसरे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळल्यावर यादी भराभर आटली. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली, नॉर्टनने २०२१ मध्ये अविरा घेतली आणि २०२२ मध्ये नॉर्टन व अवास्ट यांचे विलीनीकरण होऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. म्हणजे मोफत अँटिव्हायरसच्या कोणत्याही यादीत तीन स्वतंत्र पर्याय म्हणून दिसणारी अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही नावे आज एकाच घरची आहेत. अवास्टच्या बाबतीत आणखी एक इतिहास आहे. तिच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघड झाले, त्याच महिन्यात जम्पशॉट बंद करण्यात आली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरण्याचा आणि जाहिरातींसाठी अशी माहिती न विकण्याचा आदेश दिला. तो व्यवहार आता बंद आहे; तरीही ब्राउझरमध्ये डोकावण्याची परवानगी मागणारे कोणतेही मोफत उत्पादन तपासताना हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवलेले बरे.

मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती चाचणीकाळ संपल्यावर फक्त सांगितले तेव्हाच स्कॅन करते, सतत पहारा देत नाही. क्लॅमएव्ही हे मुक्त स्रोत साधन मुख्यतः मेल सर्व्हरवरील जोडपत्रे तपासण्यासाठी वापरले जाते, आणि त्यावर बेतलेल्या क्लॅमविनमध्येही सततचा पहारा नाही. दोन्ही बाजूला ठेवली. शेवटी दोन बाहेरची उत्पादने आणि डिफेंडर एवढेच उरले. त्या दोघांना येथे 'पहिला' आणि 'दुसरा' असेच म्हटले आहे, कारण अशा उत्पादनांची वागणूक आवृत्तीगणिक बदलते आणि आजची तक्रार सहा महिन्यांनी त्या नावाला लागू असेलच असे नाही.

१५ नोव्हेंबर

'पहिला' बसवला. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर मोठे हिरवे बटण होते आणि त्याच्या खाली, पार्श्वभूमीत जवळजवळ विरून जाणाऱ्या करड्या अक्षरांत, एका ब्राउझरसाठीची आधीच भरलेली टिकखूण होती. 'कस्टमाइझ' हा शब्दही त्याच करड्या रंगात होता. त्यावर टिचकी दिल्यावर घटकांची लांबलचक यादी उघडली: व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारा, 'सफाई' करणारा, ड्रायव्हर अद्ययावत करणारा. फाइल, वर्तन, वेब आणि मेल हे चार पहारे ठेवले आणि बाकी सर्वांवरच्या खुणा काढल्या.

सुरू होण्यास १४० सेकंद लागले आणि रिकामी असताना रॅम २.४ जीबीवर गेली. चार जीबीच्या संगणकावर हा अर्धा जीबी फार मोठा असतो. ब्राउझरच्या चार-पाच टॅब उघडल्या की रॅममध्ये न मावणाऱ्या माहितीची हार्ड डिस्कशी अदलाबदल सुरू होते आणि माउसचा बाणही अडखळतो.

१७ नोव्हेंबर

मेल प्रोग्रॅम सुरक्षा प्रमाणपत्रावर विश्वास नसल्याची तक्रार करून मेल उतरवण्यास नकार देऊ लागला. खात्याचा पासवर्ड, सर्व्हरचे नाव, संगणकाची तारीख हे सर्व तपासण्यात बराच वेळ वाया गेला. शेवटी प्रमाणपत्राचा तपशील उघडून पाहिला, तर प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणून अँटिव्हायरसचेच नाव होते. कूटबद्ध वाहतुकीच्या आत डोकावण्यासाठी असे अँटिव्हायरस स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवतात आणि सर्व्हर व प्रोग्रॅम यांच्या मधे उभे राहतात. विंडोजचा प्रमाणपत्र-साठा वापरणारे ब्राउझर ते निमूट स्वीकारतात. स्वतःचा वेगळा साठा बाळगणारा प्रोग्रॅम अडून बसतो.

मेलवरचा पहारा बंद केल्यावर प्रश्न सुटला. त्याने पहाऱ्यात फारसे उणे पडत नाही, कारण जोडपत्र डिस्कवर उतरले की फाइलवरचा पहारा ते तपासतोच. पण एकदा हे दिसल्यावर वेब पहाऱ्याविषयीही मन साशंक झाले. बँकेच्या पानासह सर्व वाहतूक उलगडून पुन्हा बांधणारा आणखी एक मध्यस्थ घरगुती संगणकावर हवाच कशाला? 'पहिला' हटवण्याचे ठरले ते रॅमपेक्षाही या कारणाने. तो काढताना 'खरोखर जाता?' या अर्थाचे पडदे एकामागून एक आले आणि प्रत्येक पडद्यावर ठळक बटण राहण्याचे होते, जाण्याचे फिकट. या वेळी सेफ मोडमधले साधन आधीच हाताशी ठेवले होते.

२० नोव्हेंबर

'दुसरा' स्वभावाने अगदी वेगळा निघाला. बसवताना ईमेल देऊन खाते उघडावे लागले, पण त्यानंतर तो गप्प राहिला. सुरू होण्यास ११० सेकंद, रॅम २.१ जीबी, आणि झिप फोल्डर सात मिनिटांत उलगडले, म्हणजे या एका कसोटीत त्याने डिफेंडरला मागे टाकले. अनेक लहान फाइली एकदम लिहिल्या जातात तेव्हा डिफेंडर मंद पडतो, हे प्रयोगशाळांच्या वेगचाचण्यांतही दिसते. त्यामुळे 'दुसऱ्या'वर निवड थांबणार असे वाटू लागले होते.

२३ नोव्हेंबर

जुन्या स्कॅनरचा प्रोग्रॅम उघडेना. डेस्कटॉपवरचे चिन्ह पांढरे पडले होते. 'दुसऱ्या'ने न विचारता त्याची मुख्य फाइल क्वारंटाइनमध्ये टाकली होती, आणि गप्प राहण्याच्या त्याच्या स्वभावामुळे ही गोष्ट सूचनांच्या यादीत खोलवर एका ओळीत पडून होती. फाइल परत आणली. पुढच्या स्कॅनमध्ये ती पुन्हा गेली. अपवादात घातली, प्रोग्रॅम अद्ययावत होताच नव्या फाइलीवर पुन्हा तोच निकाल.

असे वाटले की फाइल निर्दोष आहे की नाही हे आधी ठरवावे, अँटिव्हायरसशी भांडण नंतर. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून मिळते. फाइल वर चढवण्याऐवजी तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा-खिडकीतील 'गेट-फाइलहॅश' आज्ञेने काढून तो शोधला. वर चढवलेल्या फाइली सुरक्षा संशोधक आणि कंपन्यांना उपलब्ध होतात, त्यामुळे खाजगी कागदपत्रे तेथे कधीही टाकू नयेत. ठशाने शोधल्यास फाइल घराबाहेर जात नाही. निकालात केवळ दोन अपरिचित इंजिनांनी आणि 'दुसऱ्या'ने आक्षेप घेतला होता, तोही सरसकट संशयाच्या नावाने. निर्मात्याची डिजिटल सहीदेखील शाबूत होती.

चुकीचा इशारा ही किरकोळ गैरसोय समजली जाते, पण २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका व्याख्या-फाइलने विंडोज एक्सपीची 'एसव्हीसीहोस्ट' ही मूळ प्रणाली-फाइलच व्हायरस ठरवली आणि जगभरचे संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊ लागले, हे उदाहरण विसरण्यासारखे नाही. 'दुसऱ्या'च्या मोफत आवृत्तीत सापडलेल्या फाइलीचे काय करावे हे आधी विचारण्याची सोयच नव्हती. घरातील इतरांना ही फाइल-शोधाशोध जमणार नाही, म्हणून तोही काढला.

२६ नोव्हेंबर

राहिला डिफेंडर. त्याची जुनी बदनामी आजच्या निकालांना लागू नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्स हे वेगळे उतरवून घ्यावे लागणारे उत्पादन आले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस प्रणालीतच अंतर्भूत झाला. उणीव सांगायची तर तो आपल्या क्लाउडवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, बराच अवलंबून असतो. इंटरनेट नसलेल्या संगणकावर त्याची पकड सैल पडते. हा संगणक कायम जोडलेला असल्याने ते चालून जाईल.

मात्र विंडोज जशी देते तशी मांडणी पुरेशी नव्हती. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मधील 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' या पानावर नको असलेल्या ॲप्सना अडवण्याची कळ बंद होती, ती चालू केली. फुकट प्रोग्रॅमबरोबर चिकटून येणारी टूलबार-जात याच कळीने अडते. 'टॅम्पर प्रोटेक्शन' (इतर प्रोग्रॅमना डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलू न देणारी सोय) आणि क्लाउड तपासणी चालू असल्याची खात्री केली.

मग आयकार चाचणी. आयकार फाइल म्हणजे ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ असून ती दिसताच व्हायरस सापडल्यासारखे वागायचे, असा अँटिव्हायरस कंपन्यांमध्ये संकेत आहे. नोटपॅडमध्ये ती ओळ चिकटवून डेस्कटॉपवर साठवली आणि खिडकी बंद करण्याआधीच कोपऱ्यात इशारा आला. झिपमध्ये बांधलेली प्रत मात्र निवांत पडून राहिली व उलगडताक्षणी पकडली गेली. सततचा पहारा बहुधा असाच चालतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

घाबरण्यासारखे पुढे होते. तीच फाइल 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये साठवली आणि काहीच झाले नाही. फाइल उघडली, नक्कल केली, तरीही शांतता.

कारण 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी 'एक्स्क्लूजन्स' या यादीत सापडले: अख्खे 'डाउनलोड्स' फोल्डर तपासणीतून वगळलेले होते. चौकशीअंती कळले की एका खेळात भर घालणारा प्रोग्रॅम बसवताना त्याच्या सूचनांमध्ये 'आधी हे फोल्डर वगळा, नाहीतर अँटिव्हायरस चुकून फाइल उडवील' असे लिहिले होते आणि घरातील धाकट्याने ते इमानेइतबारे पाळले होते. म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक फाइल जेथे प्रथम पाय ठेवते नेमकी तीच जागा बिनपहाऱ्याची होती, आणि विंडोज सिक्युरिटीच्या मुख्य पडद्यावर सर्व काही हिरवे दिसत होते. प्रयोगशाळेचे अठरापैकी अठरा गुणही येथे कामाचे नव्हते.

नोंद काढून टाकली, आयकार पुन्हा साठवली, इशारा आला. तो प्रोग्रॅम हटवला आणि मग 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' दिला. त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चढण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये दडून बसणाऱ्यांना लपायला जागा उरत नाही. साधारण पंधरा मिनिटांचे हे काम जुन्या हार्ड डिस्कवर बरेच लांबले. शिवाय मालवेअरबाइट्सच्या मोफत आवृत्तीने दुसरे मत घेतले. त्यातील चाचणीकाळ आधी बंद केला, अन्यथा तो सततचा पहारा आपल्या हाती घेऊ शकतो. दोघांनाही ब्राउझरमधील एका उपद्रवी एक्स्टेन्शनपलीकडे काही सापडले नाही.

३० नोव्हेंबर

'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू केले. खंडणीखोर व्हायरसपासून कागदपत्रे, चित्रे, चित्रफिती इत्यादी फोल्डरांचे रक्षण करणारी ही सोय मुळात बंद असते. अनोळखी प्रोग्रॅमला तेथे वाचता येते, लिहिता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी फोटो संपादनाचा प्रोग्रॅम 'फाइल सापडली नाही' असे म्हणून साठवण्यास नकार देऊ लागला. परवानगी नसल्याचे त्याला नीट सांगता येत नाही, म्हणून तो असे काहीतरी म्हणतो. दोष डिस्कमध्ये शोधू नये. 'प्रोटेक्शन हिस्टरी'त अडवलेल्या प्रोग्रॅमची नोंद असते आणि तिथूनच त्याला परवानगी देता येते. पहिला आठवडा अशा परवानग्या देण्यातच जातो, हे धरून चालावे.

७ डिसेंबर

दुपारी संगणक गळपटत होता. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', म्हणजे डिफेंडरच, प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही व्यापून बसलेले. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे फोल्डर वगळणे. २६ नोव्हेंबरच्या अनुभवानंतर तो विचारातही घेतला नाही. पॉवरशेलमध्ये 'सेट-एमपीप्रेफरन्स' या आज्ञेने स्कॅनची सरासरी प्रोसेसर-मर्यादा मूळच्या ५० टक्क्यांवरून ३० वर आणली, पण फरक पडला नाही. संगणक रिकामा असताना ठरलेल्या वेळेचे स्कॅन सुरू झाले तर ही मर्यादा पाळलीच जात नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत आहे. त्यासाठी 'डिसेबल-सीपीयू-थ्रॉटल-ऑन-आयडल-स्कॅन्स' हा वेगळा पर्याय 'फॉल्स' करावा लागतो. तो बदलल्यानंतर स्कॅनला वेळ अधिक लागतो, परंतु दरम्यान ब्राउझर वापरता येतो.

१४ डिसेंबर

सर्वांची खाती प्रशासक दर्जाची होती. एक वेगळे प्रशासक खाते तयार करून बाकीची 'स्टँडर्ड' केली. स्टँडर्ड खात्यातून एक्स्क्लूजन्सच्या यादीत भर घालता येत नाही. विंडोज प्रशासकाचा पासवर्ड मागते. हा बदल कोणत्याही अँटिव्हायरसइतकाच परिणामकारक आहे आणि त्याला रॅम लागत नाही. घरातून तक्रार आली ती प्रिंटरच्या प्रोग्रॅमबद्दल, कारण तो अद्ययावत होताना दर वेळी पासवर्ड मागू लागला. त्याची स्वयंचलित अपडेटची सूचना बंद केली असून ते काम आता महिन्यातून एकदा प्रशासक खात्यातूनच उरकले जाते; त्याच बैठकीत एक्स्क्लूजन्सची यादी, 'प्रोटेक्शन हिस्टरी' आणि व्याख्या-फाइलची तारीख पाहिली जाते, आणि एरवी काढून ठेवलेली बाह्य डिस्क जोडून फोटो व कागदपत्रांची नवी प्रत घेतली जाते. ही डिस्क कायम जोडून ठेवलेली नाही, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करतो.